‘फेकायचे’ नावाचा फोल्डर

पायाला भिंगरी बांधून जन्मलेल्या बाईने दुसऱ्यांचे पाय बनवायच्या धंद्यात पडावं, ही आमच्या घरातली जुनी थट्टा. मला एका जागी बसवत नाही. जेवताना मधेच उठते, फोनवर बोलताना येरझारा घालते, सिनेमाला गेले की शेजारचा माणूस वैतागून जागा बदलतो. कृत्रिम पायांच्या कारखान्यात हे सगळं खपून जातं. प्लास्टर कालवा, साचा घासा, भट्टीतून गरम प्लास्टिक काढा, सगळी कामं उभ्याने करायची. बसून करायचं काम एकच, कॉम्प्युटरचं, आणि ते मामा करायचा. मामा गेला आणि ती खुर्ची माझ्या गळ्यात पडली.

म्हणून मी प्रोग्रॅमिंगचा क्लास लावला. पस्तिशी उलटलेली मी एकटी, बाकी सगळी मिसरूड फुटलेली पोरं. सरांनी नुकताच गृहपाठ दिला होता : एखाद्या डिरेक्टरीत, म्हणजे साध्या भाषेत फोल्डरमध्ये, हव्या त्या फाईली शोधून देणारा प्रोग्राम लिहा. पोरांनी आपापली गाणी शोधली. मला ताईचा पाय शोधायचा होता.

ताई माझ्याहून मोठी, नर्स. लहानपणी अपघातात तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि तेव्हापासून ती मामाच्या हातच्या पायावर चालली. मग या महिन्यात तिचा सॉकेट तडकला. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो प्लास्टिकचा पेला. खालचा दांडा आणि पाऊल कुठलंही चालतं, पण पेला जरा इकडेतिकडे झाला तरी माणूस रडकुंडीला येतो. ताई राहते दुसऱ्या शहरात. धाकटीला कशाला त्रास, असा विचार करून तिने तिकडच्याच एका दवाखान्यात नवा पेला करून घेतला. त्यांनी जुना भंगारात टाकला, आणि नव्याने थोड्याच दिवसांत तिच्या नडगीवर जखम केली. मला आधी सांगितलं असतं तर, हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा म्हटलं की शेवटी तिने फोनच ठेवून दिला.

शनिवारी सकाळी ती टॅक्सीतून उतरली ती कुबड्या घेऊन. पॅन्टचा डावा पाय वर दुमडून पिनेने टाचलेला. मी धावत जाऊन पिशवी घेतली, दार उघडलं, परत धावत जाऊन विसरलेली पाण्याची बाटली आणली.

"दम खा," ताई म्हणाली. "एवढ्या वेळात मी दोनदा आत गेले असते."

तिला आमच्या फिटरने बाकावर बसवलं. फिटर म्हणजे पाय जोडून, घासून, माणसाला चालवून बघणारा आमचा गडी, मामा गेल्यावर मी नेमलेला. दिवसाला दहा वाक्यं बोलतो आणि त्यातली नऊ मला टोमणे असतात.

घाई होती ती सोमवारची. सोमवारी ताई एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डाची मुख्य नर्स म्हणून रुजू व्हायची होती. इतकी वर्षं तिने ज्या खुर्चीची वाट पाहिली ती. तिथल्या मोठ्या बाईंना तिच्या पायाचं कुठून तरी कळलं होतं आणि त्यांनी गोड आवाजात फोन केला होता : वॉर्ड लांबलचक आहे, फेऱ्या पुष्कळ असतात, झेपणार नसेल तर मोकळेपणी सांगा, टेबलावरचं काम देऊ, दुसऱ्या एक बाई तयारच आहेत.

"झेपेल म्हणून सांगितलं," ताई म्हणाली. "आता कुबड्या घेऊन गेले तर मलाच खाट देतील."

ती हसली, पण कुबड्या तिने बाकाखाली सरकवल्या, नजरेआड.

नवा साचा घेणं शक्य नव्हतं. जखमेभोवती सूज होती, आणि सुजलेल्या पायाचा साचा घेतला की पेलाही सुजलेलाच होतो. जुना आकार मिळाला तर मात्र सगळं जमणार होतं. शरीराचा भार कुठे घ्यायचा आणि कुठे नाही, हे मामाने वर्षानुवर्षं घासून घासून त्या आकारात बसवलं होतं. जखमेपुरता एक खळगा ठेवला की झालं. आणि मामा प्रत्येक साचा स्कॅन करून ठेवायचा. म्हणजे ताईचा पाय याच कॉम्प्युटरात होता. कुठे होता, ते मामा सांगून गेला नव्हता.

मामाला पसारा करायची विद्या होती. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत ‘नवीन’, त्याच्या आत ‘खरंच नवीन’. मी प्रोग्राम लिहिला, ताईचं नाव टाकलं, बटण दाबलं. पडद्यावर आलं : सापडलेल्या फाईली शून्य.

सरांना फोन लावला. ते बहुधा नाश्ता करत होते.

"तुमचा प्रोग्राम उंबऱ्यावर उभा राहून आत डोकावतोय," ते म्हणाले. "आतल्या खोल्यांत शिरायला तुम्ही त्याला सांगितलंच नाही. फोल्डर दिसला की त्यात शिर, त्यात आणखी दिसला की त्यातही शिर, असं लिहा."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही बाहेर फेऱ्या मारत होतात."

तसं लिहिलं. आता नावं सरसर वर सरकू लागली आणि माझ्या जिवात जीव आला. मी खुर्चीवरून उठले, पडद्याकडे बघत भट्टीपर्यंत गेले, परत आले. पुन्हा शून्य. मग डोक्यात प्रकाश पडला. मी या कारखान्यात आले तेव्हापासून मामाच्या फाईलींना नावं नव्हतीच, नंबर होते. आधी नंबर, मग डावा की उजवा. कुठला नंबर कुणाचा याची यादी माझ्याकडे होती, आणि तीत ताई नव्हती. घरच्या माणसाला मामा कशाला नंबर देईल.

"नावाने नाही तर मापाने शोधू," मी म्हणाले आणि टेप घेऊन ताईसमोर बसले. स्कॅनरची कुठलीही फाईल असो, तिच्या वरच्या ओळींत बाजू आणि हाडाची लांबी लिहिलेली असते, खाली नुसते आकडे. सूज कितीही येवो, हाड काही लांब होत नाही. प्रोग्रामला सांगितलं की प्रत्येक फाईल उघड, डावा पाय आणि एवढी लांबी दिसली की मला दाखव. हे वाक्य लिहायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात कुठे कंस राहिला, कुठे ओळ एक घर सरकली, कॉम्प्युटर दर वेळी लाल अक्षरांत माझी अक्कल काढत होता. फिटर मागून येऊन वाचायचा आणि नुसती मान हलवून निघून जायचा, त्याने जास्त डोकं फिरायचं.

दुपारी एकदाचा तो चालला. काही फाईली सापडल्या. पहिली उघडली, कुणातरी जाडजूड बाप्याचा पाय. दुसरी, तिसरी, एकही ताईची नाही. ताईच्या नडगीला आतल्या बाजूने एक खोलगट वळण आहे, मी ते अंधारातही ओळखेन. मग एक अगदी ताजी फाईल सापडली, नावच आजच्या तारखेने सुरू होणारी. मी आनंदाने उघडली तर ती माझ्याच प्रोग्रामने लिहिलेली निकालाची फाईल होती. शोधायचं वाक्य तिच्यात होतं, म्हणून तो तिलाच शोधून आणत होता आणि परत तिच्यातच लिहून ठेवत होता. कुत्रं आपल्याच शेपटीमागे फिरतं तसं.

"बस जरा," ताई म्हणाली.

"बसलेच आहे."

"मग ती खुर्ची का फिरतेय?"

मी खुर्ची थांबवली. पाय हलायचा थांबेना. मला रडू येत होतं आणि रागही, दोन्ही एकदम, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. मामावर काढावा तर तो नाही. त्या दवाखान्यावर काढावा तर तो लांब. ताई शांतपणे बसून होती, जखमेवरच्या पट्टीवरून बोट फिरवत, आणि तिचं ते शांत बसणंच मला जास्त बोचत होतं. उद्याचा दिवस हातात होता. त्यात आकार कोरायचा, त्यावर प्लास्टिक ओढायचं, घासायचं, चालवून बघायचं. आज आकार सापडला नाही तर सोमवारी ती टेबलामागे बसणार, आणि एकदा बसवलेल्या माणसाला कुणी परत उठवत नाही, हे तिला आणि मला, दोघींनाही माहीत होतं.

तेवढ्यात कॉम्प्युटरने नवं दुखणं काढलं. जागा संपली. माझ्या निकालाच्या फाईलीने शेपूट गिळून गिळून उरलीसुरली जागा खाल्ली होती. ती मी उडवली, तरी तक्रार चालूच.

"ते ‘फेकायचे’ का नाही फेकत?" फिटरने विचारलं. "कधीपासून ठेवलंय."

बरोबर होतं त्याचं. कॉम्प्युटर हातात आल्या आल्या मी जुना सगळा कचरा एका फोल्डरमध्ये लोटला होता आणि त्याला ‘फेकायचे’ असं नाव दिलं होतं. नियम साधा : ज्या फाईलीचं नाव अंकाने सुरू होत नाही, ती पायाची नाही. आणि मी काही मूर्ख नव्हते, मापाने शोधायला घेतलं तेव्हा प्रोग्राममध्येही पहिल्याच ओळीत तसं लिहिलं होतं, की ‘फेकायचे’मध्ये शिरू नकोस, अंकाशिवाय सुरू होणाऱ्या नावाकडे बघू नकोस, वेळ वाचव. त्या ओळीचं सरांनी फोनवर कौतुकही केलं होतं.

मी फोल्डर निवडला. खात्री आहे का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मला असल्या प्रश्नांचा तिटकारा आहे.

"काय आहे त्यात?" ताईने बाकावरून विचारलं.

"मामाचा पसारा. फिरायला जायचा तिथले फोटोबिटो असतील."

"बघितलेस?"

"उघडून नाही बघितले. एकेक उघडायला फार वेळ लागतो." वेळ लागणाऱ्या गोष्टींचं मला वावडं आहे, हे तिला वेगळं सांगायला नको होतं.

"नावं तरी वाच."

मी कपाळाला आठ्या घालून वाचायला लागले, एक बोट बटणावर ठेवून. "तळ्याची फेरी. गच्ची. पोस्टाची पेटी. बसच्या पायऱ्या. दुसरा मजला. लेकीच्या दारापर्यंत. मामा कुणाच्या लेकीच्या दारापर्यंत फिरायला जायचा गं?"

ताई उठली. कुबड्या न घेता, बाक धरून, एका पायावर. "बोट काढ तिथून."

"काय झालं?"

"आधी बोट काढ, धाकटे."

तिचा वॉर्डातला आवाज असावा तो. मी बोट काढलं.

"हे फिरणं नाही," ताई म्हणाली. "हे पाय आहेत."

ती परत बसली. फिटर भट्टीपासून इकडे सरकला.

"माणूस आला की तू पहिलं काय विचारतेस?" तिने मला विचारलं.

"वजन, उंची, साखर आहे का."

"मामा पहिलं विचारायचा, कुठवर चालायचंय? म्हातारे म्हणायचे संडासापर्यंत. कुणी म्हणायचं तळ्याला एक फेरी. जे सांगतील ते तो प्लास्टरच्या साच्यावर खिळ्याने कोरायचा. साचे इथेच असायचे, या शेल्फवर, येणारा-जाणारा बघायचा. मामा म्हणायचा, पाय कुणाचा ते लोकांना कशाला कळायला हवं, तो कुठवर जाणार ते मला कळलं की बास. मला वाटलं, नंतर मोठ्या दवाखान्यांची कामं आली, नंबर आले, तेव्हा ते सगळं सुटलं असेल."

सुटलं नव्हतं. नव्या माणसांना नंबर मिळाले होते, जुन्यांचे साचे मामाने स्कॅन केले ते त्यांच्या जुन्याच नावांनी. आणि मी ते सगळे झाडून एका बाजूला काढले होते. माझ्या बोटाखालून आत्ता कितीजणांची तळी आणि गच्च्या गेल्या असत्या, या विचाराने तोंडचं पाणी पळालं. मी फिटरकडे बघितलं. त्याने प्रथमच टोमणा मारला नाही.

"तू काय सांगितलं होतंस?" मी ताईला विचारलं. "कुठवर?"

"आठवत नाही."

"आठवत नाही?"

"लहान होते मी."

ज्या बाईला वीस वर्षांपूर्वीच्या रोग्याचं औषध मात्रेसकट आठवतं, तिला हे आठवत नव्हतं. शिवाय तिचे कान लाल झाले होते. खोटं बोलताना तिचे कान लहानपणापासून तिला दगा देतात. पण मला आता तिच्या आठवणीची गरज नव्हती. प्रोग्राम होता. वरची ती हुशारीची ओळ मी पुसून टाकली. अंक असो नसो, सगळं बघ. ‘फेकायचे’मध्येही शिर. डावा पाय, एवढी लांबी. बटण दाबलं आणि उभी राहिले.

वेळ लागला. जुन्या फाईली जड होत्या. मी टेबलाचा कोपरा घट्ट धरून ठेवला, नाहीतर मी भट्टीपर्यंत जाऊन आले असते.

मग नावं आली. ‘पोस्टाची पेटी’ आली, ‘गच्ची’ आली. त्यांच्याखाली एक नाव आलं, पुढे पाच, सहा, सात असे आकडे. फोल्डरमध्ये बघितलं तर अगदी आखूड पायापासून तेच नाव ओळीने सात वेळा होतं, पुढचा आकडा तेवढा बदलत गेलेला.

धाकटीपर्यंत १. धाकटीपर्यंत २. धाकटीपर्यंत ३.

सातवी फाईल उघडली. पडद्यावर राखाडी रंगात ताईचा पाय हळूहळू उमटला, आतल्या बाजूचं ते वळण सगळ्यात शेवटी.

"भट्टी बघून येतो," फिटर म्हणाला. भट्टी समोरच होती, दिसत होती. तो बाहेर गेला.

मी ताईकडे वळले. ती खिडकीबाहेर बघत होती.

"तू शाळेत जाताना पुढे पळायचीस," ती म्हणाली. "दप्तर पाठीवर आपटत. मी नवा पाय घालून मागे. थांब गं म्हटलं की थांबायचीस, मी हाताच्या अंतरावर आले की पुन्हा धूम. मामाने विचारलं, कुठवर चालायचंय? मी म्हटलं, धाकटीपर्यंत."

मला तो रस्ता आठवला. मला तो खेळ वाटायचा. मागे वळून तिचा लाल झालेला चेहरा बघायचा आणि पुन्हा पळायचं.

"मला मारायचं होतंस," मी म्हणाले.

"मारायला आधी पकडायला नको?" ताईने आता माझ्याकडे बघितलं. "आणि तू उभी राहिली असतीस तर मी चालायला शिकले असते का? घरातले बाकीचे सगळे माझ्यासाठी हळू चालायचे. सगळे. एक तूच तेवढी नाही."

"पण सात वेळा? कॉलेज झालं, नोकरी लागली, दुसऱ्या शहरात गेलीस. नाव तेच?"

"मामा दर वेळी विचारायचा, आता बदलायचं का? मी म्हणायचे, ती थांबली कुठे अजून."

मी खुर्चीत बसले. बराच वेळ बसले. खुर्ची फिरली नाही.

मग जखमेच्या जागी खळगा काढला आणि आकार नव्याने साठवायला घेतला. कोरायचं यंत्र आकाराला नाव दिल्याशिवाय सुरू होत नाही. मी ताईकडे बघितलं आणि मामासारखं विचारायचं ठरवलं, पण मला त्याच्यासारखं संथ विचारता येईना.

"कुठवर चालायचंय?"

"वॉर्डाच्या टोकापर्यंत," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "नाव तेच राहू दे. आकडा बदल."

मी आठ लिहिलं. यंत्र घरघरलं आणि फोमच्या ठोकळ्यातून पांढरा भुसा उडायला लागला.

रविवारी दिवसभर आम्ही तिघं त्या पेल्याच्या मागे होतो. फिटरने कडा घासल्या, मी आतून हात फिरवून बघितलं, पुन्हा घासल्या. संध्याकाळी ताईने पट्टीवर मऊ मोजा चढवला, पाय पेल्यात सरकवला आणि चालायच्या सरावाच्या दोन आडव्या दांड्यांच्या मधे उभी राहिली. पहिल्या पावलाला तिने ओठ दाबले. दुसऱ्याला कमी. तिसऱ्याला तिने दांड्या सोडल्या.

"टोचतंय?" मी विचारलं.

"नाही."

तिच्या कानांकडे बघितलं. लाल नव्हते.

"बाहेर चालून बघा," फिटर म्हणाला. "इथे गुळगुळीत फरशी आहे."

आमच्या दारापासून गल्ली सरळ मोठ्या रस्त्यापर्यंत जाते, बाजूला वाहनं लावलेली, मधे उखडलेल्या फरश्या. मी सवयीने पुढे होऊन दार उघडलं आणि सवयीनेच चार पावलं गल्लीत पुढे गेलेसुद्धा. मग थांबले. मागे वळून उभी राहिले. पाय वळवळत होते, पोटऱ्या आवळून येत होत्या, पण उभी राहिले. इतका वेळ एका जागी उभं राहिल्याचं मला आठवत नाही.

ताई उंबरा उतरली. खाली न बघता, नेहमीच्या ठोस चालीने आली. हाताच्या अंतरावर आली. मला वाटलं आता थांबेल, खांद्यावर हात ठेवेल, काहीतरी म्हणेल. मी त्याची तयारी करून उभी होते.

ती मला ओलांडून पुढे गेली. गल्लीच्या निम्म्यावर पोचल्यावर तिने मान वळवली.

"ये की," ती म्हणाली, आणि परत चालायला लागली.